पहिले दोन दगड

नागपूरच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने माझी लांबुळकी बॅग उघडायला लावली.

“हे काय आहे?”

“झाडू.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग झाडूकडे. कार्बन फायबरचा काळा दांडा, टोकाला तळहाताएवढी पिवळ्या कापडाची गादी. “कॅनडाहून झाडू आणला?”

“बर्फ झाडायचा असतो. खेळ आहे तो.”

“मे महिन्यात? नागपुरात?”

पहाटेची वेळ होती, तरी काचेपलीकडे बाप्ये लोक शर्टाची बटणं उघडी टाकून वारा घेत उभे होते. त्याने चेन लावून दिली आणि म्हणाला, “जा मॅडम. जमलं तर आमच्या रस्त्यांवरूनही एक हात फिरवून जा.”

हा झाडू सोबत का आणला, हे मला स्वतःलाच सांगता आलं नसतं. सात आठवड्यांपूर्वी माझ्या टीमने मला काढून टाकलं होतं. मी २१ वर्षांची होते, ज्युनिअर गटातलं माझं वय संपलं होतं आणि पुढच्या मोसमात खेळायला मला कुणी बोलावलेलं नव्हतं. विनिपेगच्या खोलीत कोपऱ्यात उभा असलेला झाडू बघवत नव्हता, म्हणून कपाटात ठेवला. मग कपाट उघडवेना. शेवटी बॅगेत घातला.

आधी खेळ सांगते, कारण नागपुरात तो मला दर तिसऱ्या माणसाला सांगावा लागतो. १५० फूट लांब, साधारण १६ फूट रुंद अशी बर्फाची पट्टी. दोन्ही टोकांना बर्फाखाली रंगवलेली वर्तुळं, सगळ्यात बाहेरचं १२ फूट व्यासाचं. त्याला म्हणतात हाउस, म्हणजे आपलं घरच. दगड ग्रॅनाइटचा, वर मूठ, वजन २० किलोच्या जरासं आत. एका टीममध्ये चौघी, प्रत्येकीचे दोन दगड. दोन्ही टीमचे मिळून सोळा दगड टाकून झाले की एक एंड संपला. घराच्या मध्याशी ज्यांचा दगड सगळ्यात जवळ, गुण त्यांचे. मोठ्या स्पर्धांत असे १० एंड असतात. माझ्या चुलतभावाने हे दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, “म्हणजे कॅरम. फक्त सोंगटी मारायला उभं राहायचं आणि मग तिच्यामागे पळायचं.” याहून चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

मागे पळणं हेच माझं काम. टीममध्ये क्रम असतो: लीड, सेकंड, थर्ड आणि स्किप. स्किप म्हणजे कर्णधार, डाव तिच्या डोक्यात असतो आणि शेवटचे दोन दगड तिचे. लीड पहिले दोन टाकते. बहुतेक वेळा घरासमोर एखादा गार्ड, म्हणजे वाट अडवणारा दगड, उभा करायचा, नाहीतर घरात अलगद एक दगड नेऊन ठेवायचा, एवढंच. ते दोन झाले की उरलेल्या सहा दगडांच्या पुढे झाडू घेऊन धावायचं. पहिल्या दोन दगडांना टाळ्या पडत नाहीत. ते चुकले तर मात्र पुढचे सहा ते निस्तरण्यात जातात.

झाडायचं कशासाठी, तर बर्फ गुळगुळीत नसतो. खेळाआधी त्यावर पाण्याचे थेंब फवारतात, ते गोठून बारीक पुरळ उठतं. आजीला मी सांगितलं, बर्फाला घामोळ्या. दगड त्या पुरळावरून चालतो, आणि तोही सबंध बुडाने नाही. बूड आत खोलगट असतं, टेकते ती फक्त नखाहून अरुंद अशी एक गोल कडा. झाडूने घासलं की घर्षणाने पुरळ किंचित गरम होतं, दगडाला अडथळा कमी होतो. तो लांब जातो आणि कमी वळतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, माझं सगळं दुखणं त्यातच आहे.

आणि तो वळतो कसा, ही तर गंमतच. आजीच्या स्वयंपाकघरातला स्टीलचा पेला ओट्यावर उपडा ठेवून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरकी देऊन ढकला. पेला डावीकडे वळतो. कर्लिंगचा दगड तशाच फिरकीने उजवीकडे वळतो. का वळतो यावर भौतिकशास्त्राची माणसं अजून भांडताहेत. काकाने हा प्रयोग एका संध्याकाळी अकरा वेळा केला आणि बारावा पेला काकूच्या कढईत गेला.

मी बारा वर्षांची असताना आम्ही नागपूर सोडलं. सातवीपर्यंत महालातल्या मराठी शाळेत होते, आणि तिथून एकदम विनिपेग. डिसेंबरात उणे ३०. पहिल्याच हिवाळ्यात शाळेने सगळ्या वर्गाला जवळच्या कर्लिंग क्लबमध्ये नेलं. एका बुटाखाली टेफ्लॉनची घसरपट्टी बांधतात हे मला कुणी सांगितलं असेल, पण तेवढं इंग्रजी तेव्हा माझ्या कानात शिरत नव्हतं. मी त्याच पायावर भार दिला आणि हनुवटीवर पडले. तीन टाके.

परत गेले त्याचं कारण खेळ नव्हता, उब होती. क्लबात काचेमागे बसायला जागा, गरम चॉकलेट, आणि कुणालाही पाहून “या, बसा” म्हणणारी म्हातारी माणसं. महालातल्या वाड्याच्या ओट्यावर अशीच माणसं बसायची. बर्फ तयार करणारे एक आजोबा होते, ते मला दगडाचा आवाज ऐकायला शिकवायचे. डोळे मिटून सांग, पोचेल की नाही? ताज्या पुरळावर दगड गुरगुरतो. पुरळ झिजलं की आवाज पातळ होतो. माझा हात कधी विशेष नव्हता. उंची पाच फूट एक इंच, वजन बेताचं. पण वेग मला कळायचा. दगड हातातून सुटून दोन-तीन वार गेला की तो कुठे थांबणार ते माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडायचं. त्यासाठी आकडे असतात. एक ते तीन म्हणजे घरासमोर, चार म्हणजे घराचा उंबरठा, सात म्हणजे बरोबर मध्य, दहा म्हणजे मागची कड. झाडणारीने ओरडायचं: “पाच! पाच! सहा!” घरात उभी असलेली ते ऐकून ठरवते.

पुढची काही वर्षं भराभर सांगते, कारण सगळ्यांची तशीच असतात. रविवारची लीग, मग शनिवार-रविवारच्या बॉनस्पीएल नावाच्या स्पर्धा, बाबांची गाडी, बर्फातले हायवे, मागच्या सीटवर गणिताचा गृहपाठ. आईने आमच्या प्रवासखर्चासाठी गणपतीत चकल्या तळून विकल्या. टीममधल्या तिघी गोऱ्या पोरींनी त्या पाकिटांत भरल्या आणि निम्म्या खाल्ल्या. सोळाव्या वर्षी आम्ही चौघी एकत्र आलो. लाल-काळी जॅकेटं शिवली, पाठीवर आडनावं. माझं आडनाव शिंप्याने एक अक्षर गाळून लिहिलं, ते मी कधी दुरुस्त केलं नाही.

जागतिक ज्युनिअर स्पर्धेची वयोमर्यादा २१ आहे, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात ते एक घड्याळ चालू असतं. कॅनडात वरून कुणी संघ निवडत नाही. चौघींनी आपली टीम बांधायची, प्रांतात जिंकायचं, मग देशपातळीवर जायचं. मॅनिटोबात, म्हणजे विनिपेगच्या प्रांतात, प्रांत जिंकणं म्हणजे काय ते तिथल्या माणसाला विचारा. जेनिफर जोन्स इथलीच, २०१४ मध्ये सोची ऑलिंपिकला एकही सामना न हरता सुवर्ण घेऊन आलेली. केरी आयनरसनची टीमही इथलीच, २०२० ते २०२३ अशी सलग चार वर्षं राष्ट्रीय विजेती. अशा गावात आम्ही ज्युनिअर प्रांतिकच्या उपांत्य सामन्यात पोचलो, शेवटच्या वर्षी. शेवटचा एंड, दोन्ही टीमचे गुण सारखे, आणि शेवटचा दगड आमचा. घरात त्यांचा एक दगड मध्याच्या अलीकडे, समोर एक गार्ड. स्किपने गार्डला वळसा घालून त्यांच्या दगडाच्या आत थांबायचं. जमलं तर एक गुण, सामना आमचा.

दगड सुटला. मी आणि सेकंड झाडू खाली धरून सोबत धावत होतो, न घासता. माझ्या डाव्या हातात स्टॉपवॉच. मागच्या रेषेपासून जवळच्या हॉग लाइनपर्यंत, म्हणजे ज्या रेषेआधी दगड हातातून सोडावा लागतो तिथपर्यंत, दगडाला किती वेळ लागला, ते अंगठ्याने मोजायचं. त्या दिवशी मध्यात थांबायला ३.८० सेकंद लागत होते. माझ्या घड्याळात ३.९५ दिसलं. म्हणजे दगड हळू आहे, लगेच घासायला हवं.

पण घरात उभी असलेली थर्ड ओरडत होती, “नको! नको! वळू दे!” तिचंही बरोबर होतं. घासलं तर दगड वळणार नाही, गार्डला जाऊन धडकेल. तिला दिशा दिसत होती, मला वेग. अशा वेळी लीडने काय करायचं हे लहान पोरींनाही शिकवलेलं असतं. जे दिसतंय ते ओरडायचं. “चार! हळू आहे! चार!” निर्णय मग घरातून होऊ दे. हळू आहे असं कळलं असतं, तर तिने अर्धं वळण सोडून दिलं असतं आणि आम्ही शेवटच्या टप्प्यात जीव काढून दगड ओढला असता.

मला वाटलं अंगठा उशिरा पडला असेल. मी गप्प राहिले. फार तर दीड सेकंद. मग ओरडले, मग घासलं, खांदे उतरेपर्यंत घासलं. दगड सुंदर वळला, गार्डच्या मागे गेला आणि त्यांच्या दगडाच्या चार बोटं बाहेर थांबला. वळणाबद्दल प्रेक्षकांत एक म्हातारा टाळ्या वाजवत होता. आम्ही हात मिळवले. रिवाज आहे तसा.

टीमा जुळायचा आणि मोडायचा काळ म्हणजे मार्च. मोसम संपतो आणि फोन सुरू होतात. आपल्याकडे तुळशीचं लग्न झालं की स्थळं सुरू होतात, अगदी तसं. कोण कुणाला विचारतंय, कोण कुणाबरोबर कॉफी पिताना दिसलं. मला फोन आला तेव्हा मी बसस्टॉपवर होते. स्किपच बोलत होती. चार मिनिटं आणि काही सेकंद, फोनमध्ये अजून नोंद आहे. महिला गटात वर जायचं तर ताकदीची स्वीपर लागेल, आम्ही एक मुलगी बघितली आहे, तुझ्याबद्दल आदर आहेच. मी “बरं” म्हणाले. दोनदा म्हणाले, कारण पहिलं बसच्या आवाजात गेलं.

त्या दीड सेकंदाबद्दल ती काही बोलली नाही. तिला ते माहीत होतं का, हेही मला माहीत नाही. नुसतं ताकदीचं कारण असतं तर मी रडून मोकळी झाले असते.

तर अशी मी आजीच्या वाड्यात येऊन पडले. पहिला आठवडा कूलरसमोर. वाळ्याच्या ताट्यांचा वास, पन्हं, आणि दुपारभर गाढ, निर्लज्ज झोप. आजीने आठ दिवस काही विचारलं नाही, जे तिच्या स्वभावात नाही. नवव्या दिवशी पहाटे मी बैठकीच्या खोलीत झाडू घेऊन उतरले. ओणवं होऊन, सगळा भार दांड्यावर टाकून फरशी घासायला लागले, वीस सेकंद घासायचं, चाळीस थांबायचं. बाराव्या फेरीला दारात आजी.

“काय करून राहिली गं?”

“सराव.”

“मग त्या कपाटाखालीही कर. बाई येत नाही तिथपर्यंत.”

सरावाची जागा अशी सापडली. कोटा फरशी, वर्षानुवर्षं पुसून आरशासारखी झालेली. पण माझी घसरपट्टी तिच्यावर अडकायची. चुलतभावाने कॅरमची बोरिक पावडर आणून शिंपडली आणि मी हॅकमधून निघाल्यासारखी एका गुडघ्यावर सरळ दिवाणापर्यंत घसरत गेले. हॅक म्हणजे बर्फात रोवलेला रबरी टेकू, पायाने ढकलायला. इथे त्याच्या जागी भिंतीला टेकवलेला पाटा. तीन दिवस फार मजेत गेले. चौथ्या दिवशी काकू पूजेचं ताम्हण घेऊन आल्या आणि त्यांनीही दिवाणापर्यंत प्रवास केला, बसून. सुदैवाने लागलं काही नाही. पावडरबंदी मात्र झाली. पुढे गच्चीवरच्या खोलीत, पाच ते सहा, आणि नंतर स्वतः पोछा मारायचा, या अटीवर परवानगी मिळाली.

ताकदीचा हिशेब इतवारीत लागला. काकाचं तिथे धान्याचं दुकान आहे. झाडू दाबण्याचा जोर मोजायला खेळाडू वजनकाट्यावर झाडू टेकवून भार देतात. दुकानात तर पोती मोजायचा भलामोठा काटा. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत मी काट्यासमोर ओणवी, भाऊ आकडा वाचणार. “अठ्ठावीस… तीस… तीसच आहे ताई.” हमाल दोघे शेंगा खात बघत उभे. त्यातल्या वयस्कर काकांना राहवेना. ते म्हणाले, “बेटा, हातानं कायले दाबतं? पोतं हातानं उचलत नाही कोनी. टाच उचल, कंबर पुढं घे.” हेच आमचे कोच चार वर्षं सांगत होते, पण पोतं म्हटल्यावर मला ते कळलं. त्या दिवशी ३२. जुलैअखेर ३७. हे धावता-धावता टिकवायचं असतं ते वेगळं, तरी ३७ म्हणजे ३७.

असंच एकदा वाड्यात पाट्याला टाकी लावणारी बाई आली. हल्ली त्या फार येत नाहीत. आजीचा मिक्सर आहेच, पण ठेच्यासाठी तिला पाटाच लागतो. बाई छिन्नी-हातोडीने टकटक खाचा पाडत होती आणि मी शेजारी फतकल मारून बसले. कर्लिंगच्या दगडाचंही हेच असतं. ती टेकणारी कडा वापरून गुळगुळीत झाली की दगड नीट वळत नाही, मग ती सँडपेपरने पुन्हा खरखरीत करतात. मी हे सांगितल्यावर बाई म्हणाली, “गुळगुळीत दगडानं ना मिरची वाटल्या जात, ना काही.” मोठ्या स्पर्धांचे दगड स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग बेटावरच्या ग्रॅनाइटचे असतात, बेटावर माणूस राहत नाही, नुसते पक्षी. तिला ते पटलं नाही. माणूस नाही तर दगड काढतं कोण? बोटीने जाऊन काढतात, मी म्हटलं. आपला पाटा कुठला? “कळमन्याच्या बाजारातला,” आजी आतून म्हणाली.

आजीला खेळापेक्षा खेळणाऱ्यांत रस. तिला सगळ्यात आवडल्या कोरियाच्या मुली. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाच्या ज्या टीमने रौप्य जिंकलं, त्यातल्या चौघी मूळ उइसाँग नावाच्या भागातल्या, तो भाग लसणासाठी प्रसिद्ध, म्हणून त्यांना लसूण पोरी म्हणायचे. चौघींचंही आडनाव किम, त्यात दोघी सख्ख्या बहिणी. स्किप किम उन-जंग चष्म्यातून बघत एकच नाव ओरडायची: “यंग-मी! यंग-मी!” ज्या मुलीला ती हाका मारायची ती किम यंग-मी त्यांची लीड. माझ्या माहितीत लीडचं नाव सगळ्या देशाच्या तोंडी झालेलं हे एकच उदाहरण. आजीने तो व्हिडिओ माझ्या फोनवर इतक्यांदा पाहिला की कामवाल्या बाईही “यंग-मी” म्हणून भाच्याला हाका मारू लागल्या. “त्यांचा लसूण, तर आपला संत्रा,” आजी म्हणाली. “पण ती यंग-मी परत काय म्हणते?”

“म्हणजे?”

“ती चष्मेवाली एवढी बोंबलते. ही पळता-पळता काही बोलते ना?”

मी म्हटलं, हो, बोलते. ती पण ओरडते. किती अंतर राहिलं, किती वेग आहे ते. आणि मग, का कोण जाणे, त्या उपांत्य सामन्याचं सगळं सांगितलं. घड्याळ, ३.९५, दीड सेकंद. विनिपेगमध्ये आईलाही सांगितलं नव्हतं. आजी लसूण सोलत होती. ती म्हणाली, “तुझे आजोबा असेच. वरणात मीठ नाही हे त्यांना पहिल्या घासाला कळायचं आणि सांगायचे ताक पिताना.” समजूत-बिमजूत काही नाही, पुढची पाकळी हातात घेतली. त्या संध्याकाळपासून मात्र घरात आकडे सुरू झाले. भाऊ जेवणाच्या लांब टेबलावर स्ट्रायकर सरकवायचा, सोडल्याबरोबर मी आकडा सांगायचा, उशीर झाला तर मी हरले. आजीने तो प्रकार उचलला. आमटी चाखून म्हणायची, “आज पाच.” सात मिळायला काकूंना जुलै उजाडला.

२०२५ च्या जुलैची २८ तारीख नागपुरात कुणी विसरणार नाही. दिव्या देशमुखने जॉर्जियात, बटुमीला, महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर कोनेरू हंपी, दिव्याचं वय अवघं १९, आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. कर्लिंगला बर्फावरचं बुद्धिबळ म्हणतात, हे मी कधीतरी बोलून चुकले होते. शेजारच्या काकूंनी ते बरोबर त्या दिवशी काढलं. “तुझंही तेच ना गं? मग तुझं कुठवर आलं?” राग आला नाही असं म्हणणार नाही. बुद्धिबळात तिची चाल तिची असते. माझ्या खेळात माझी चाल दुसरीच्या हातातून सुटून माझ्यापुढे घसरत असते, आणि ती नीट पडली तर शाबासकी तिची. हे शेजारच्या काकूंना पेढा तोंडात असताना कसं सांगायचं?

त्याच आठवड्यात मेसेज आला. विनिपेगचीच एक टीम, उपांत्य सामन्याच्या दिवशी शेजारच्या पट्टीवर खेळत होती. त्यांची सेकंड शिकायला दुसऱ्या शहरात चालली होती. व्हिडिओवर बोलू या का? त्यांचे संध्याकाळचे सात, आमचे पहाटेचे साडेपाच. गच्चीवरच्या खोलीत बसले. पाऊस होता, पत्र्यावर ताशा वाजत होता, आणि आजी चहा घेऊन आली ती परत गेलीच नाही, कॅमेऱ्याबाहेर खुर्चीवर बसून राहिली.

त्यांना सेकंड हवी होती. सेकंड म्हणजे जोरात मारायचे दगड, बढतीच म्हणायची. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, मला लीडच राहायचं आहे, तुमच्या लीडला सेकंड व्हायचं असेल तर विचारा. पलीकडे जरा शांतता. मी म्हटलं, सारा विल्क्स बघा. २०१९ मध्ये कॅनडाची राष्ट्रीय विजेती झाली तेव्हा ती थर्ड होती. आता रेचल होमनच्या टीममध्ये लीड आहे, आणि ती टीम २०२४ आणि २०२५ अशी दोन्ही वर्षं जगज्जेती. खाली उतरली असं कुणी म्हणत नाही तिला. हे मी आधी पाठ केलेलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग त्यांची स्किप म्हणाली, तुमचा तो शेवटचा दगड आम्ही बघत होतो. तो केस-कचऱ्यावर अडकला का? असं होतं. बर्फावर एखादा केस, झाडूचा धागा पडलेला असतो, दगड त्याला अडतो आणि कुणाचाच दोष राहत नाही. ती मला दार उघडून देत होती.

“नाही,” मी म्हटलं. “हळू होता. माझ्या घड्याळात दिसलं होतं. मी उशिरा बोलले.”

“किती उशिरा?”

“दीड सेकंद.”

तिने खाली बघून काहीतरी लिहिलं. पावसामुळे चित्र गोठलं, तिची मान तशीच खाली. मला वाटलं संपलं. चित्र परत आलं तेव्हा ती आपल्या लीडला विचारत होती, तू सेकंड टाकशील का? मला त्यांनी दोन दिवसांनी कळवतो म्हणून सांगितलं आणि चार दिवसांनी कळवलं. हो, पण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत बघू, मग पक्कं. ताकदीचं विचारलं नाही. मी मात्र न विचारता सांगून टाकलं होतं, ३७ किलो.

“म्हणजे परत पहिले दोनच?” आजी म्हणाली.

“हो.”

“आणि बाकी वेळ झाडू?”

“हो.”

“आणि बोंबलायचं.”

“हो, आजी.”

ऑगस्टात निघायच्या आदल्या दिवशी बॅग इतवारीच्या काट्यावर नेली. २३ किलोची मर्यादा, काटा २४ किलो ४०० ग्रॅम दाखवत होता. काकूंनी लिंबाच्या लोणच्याची बरणी काढली, आजीने परत ठेवली. सावजी मसाल्याच्या पुड्यांना कुणी हात लावायचाच नव्हता. मी तळाशी हात घालून ते लाल-काळं जॅकेट ओढून काढलं. जाड, आतून लोकरी, पाठीवर माझं एक अक्षर गाळलेलं आडनाव. काटा बरोबर २३ वर आला. भाऊ म्हणाला, “मी घालतो डिसेंबरात,” आणि डिसेंबरची वाट न बघता तिथेच अंगात चढवलं. हमाल काका हसायला लागले. तो घामाने निथळत, चेन गळ्यापर्यंत लावून, समोरच्या पानठेल्यावर दाखवायला गेला.